मालिकुंडाच्या बायका

सेनेगल हा देश आफ्रिकेच्या पश्चिम टोकाला, अटलांटिक महासागराला नाक लावून बसलेला. राजधानी डाकार. तिथून किनाऱ्याकिनाऱ्यानं खाली दक्षिणेला गेलं, की म्बूर हे कोळ्यांचं गाव लागतं, आणि म्बूरजवळ मालिकुंडा बाम्बारा नावाचं एक खेडं. बाम्बारा ही मूळची शेजारच्या माली देशातली जमात. त्यातली काही कुटुंबं पिढ्यांपूर्वी इकडे येऊन राहिली. आमच्यासारखी बेळगाव-निपाणीकडची माणसं इंदूरला येऊन राहिली, तसंच काहीसं. गाव बदललं तरी भाषा, लग्नाचे रिवाज आणि बायकांच्या तोंडातून तोंडात चालत आलेले नियम सोबत येतातच.

या खेड्यातल्या बायकांनी ३१ जुलै १९९७ रोजी वीस पत्रकारांसमोर उभं राहून सांगितलं, की आमच्या गावात यापुढे मुलींना कापलं जाणार नाही.

मैत्रिणींनो, विषय अवघड आहे. हळदीकुंकवाला किंवा भिशीच्या दिवशी काढावा असा नाही. पण पान उलटू नका. मुलीच्या जननेंद्रियाचा काही भाग, किंवा बाहेरचा सगळाच भाग, ब्लेडनं किंवा सुरीनं कापून टाकण्याची ही चाल आहे. सोमालिया आणि सुदानमध्ये तर कापल्यावर जखम शिवून जवळजवळ बंदच करत आणि लग्नानंतर ती उघडत. कुठे फक्त टोक छाटतात, कुठे नुसती चीर देतात. रक्तस्राव, जंतुसंसर्ग, लघवीचा कायमचा त्रास, बाळंतपणात जिवावर बेतणं, आणि संसारातल्या सुखाच्या जागी वेदना, एवढं सगळं त्यातून येऊ शकतं. जागतिक आरोग्य संघटनेनं स्वच्छ सांगितलंय, की याचा आरोग्याला फायदा एकही नाही. युनिसेफच्या २०२४ सालच्या अंदाजाप्रमाणे अशा तऱ्हेनं कापल्या गेलेल्या मुली आणि बायका आज जगात २३ कोटींहून जास्त आहेत.

ही चाल इस्लामनं आणली असं आपल्याकडे फटकन बोललं जातं. ते खरं नाही. इजिप्तमधल्या एका ग्रीक पपायरसवर, इसवी सनापूर्वी १६३ सालच्या एका तक्रारअर्जात, मेंफिस गावच्या मुलीच्या या विधीचा उल्लेख आहे. तेव्हा ना इस्लाम होता, ना ख्रिस्ती धर्म. पुढे इथिओपियातल्या ख्रिस्ती घरांतही ती होती, तिथल्या ज्यूंमध्येही होती, आणि जगातले बहुसंख्य मुसलमान ती पाळतच नाहीत. सेनेगलमध्येच पाहा ना. देशातली सर्वांत मोठी जमात वोलोफ, मुसलमानच, पण त्यांच्यात ही चाल नाही. फुलानी, मांडिंका, बाम्बारा यांच्यात आहे.

बाम्बारांमध्ये ती का होती? त्या बायका याला नुसतं 'परंपरा' म्हणत, दुसरं नावच घेत नसत. न कापलेल्या मुलीला 'बिलाकोरो' म्हणायचं, आणि बाईला देता येण्यासारख्या वाईटातल्या वाईट शिव्यांतली ही एक. तिच्या हातचं कुणी खायचं नाही, तिला चारचौघींत मान नाही, लग्न तर दूरच. आता सांगा, कुठली आई आपल्या मुलीला अशी एकटी पाडेल? ती मुलीला धरून बसते ती क्रूर आहे म्हणून नाही. मुलीचं भलं व्हावं म्हणूनच ती हे करते. हा मुद्दा ज्यांच्या लक्षात आला नाही, त्यांनी ही चाल थांबवायला जे जे केलं ते सगळं उलटलं. त्याचा एक धडा केनियात आहे, तो आधी सांगते.

केनियात १९२९ साली स्कॉटिश मिशनऱ्यांनी किकुयू लोकांना सांगितलं, की मुलींची सुंता करणार नाही असा कागदावर अंगठा उठवा, नाहीतर चर्च आणि शाळा सोडा. लोकांनी चर्च सोडलं. हजारोंनी सोडलं. मिशनऱ्यांची टर उडवणारी गाणी गावोगाव गायली गेली. किकुयूंनी स्वतःच्या वेगळ्या शाळा काढल्या, आणि 'आमच्या मुलींना कापणं' ही गोष्ट 'आमचा देश आमचा' याचंच दुसरं नाव होऊन बसली. पुढे केनियाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झालेले जोमो केन्याटा लंडनला शिकलेले, पण १९३८ सालच्या आपल्या पुस्तकात त्यांनीही या चालीची बाजूच घेतली.

याहून चटका लावणारी गोष्ट १९५६ची. केनियातल्या मेरू भागात ब्रिटिश अधिकाऱ्याच्या पुढाकारानं तिथल्या वडीलधाऱ्यांच्या पंचायतीनं, म्हणजे पुरुषांनी, बंदी घातली. तर तिथल्या पोरींनी काय करावं? ब्लेड विकत आणून रानात जाऊन एकमेकींना कापलं! त्यांना नावच पडलं 'न्गाइताना', म्हणजे 'मी माझी मीच सुंता करीन'. तीन वर्षांत बंदी मोडल्याबद्दल २,४०० हून जास्त मुली, बायका आणि पुरुषांवर खटले झाले. इतिहासाची विद्यार्थिनी म्हणून मला हे प्रकरण कितीदा वाचलं तरी पुन्हा वाचावंसं वाटतं. ज्या मुलींना वाचवायचं, त्याच मुली सुरी हातात घेतात. कारण त्यांना विचारलंच नव्हतं कुणी. वाढत्या वयाच्या मुलीला 'तू अजून बाई झाली नाहीस' हे ऐकणं ब्लेडच्या जखमेपेक्षा जड जात असेल, हे परक्या साहेबाला कुठून कळणार? आणि घरच्या म्हाताऱ्यांना तरी कुठून?

आता मालिकुंडाकडे परत येऊ.

मॉली मेल्चिंग नावाची एक अमेरिकन तरुणी १९७४ साली शिकायला म्हणून डाकारला आली आणि तिथेच राहिली. वोलोफ भाषा शिकली, खेड्यांत राहिली. १९९१ साली तिनं 'तोस्तान' नावाची संस्था काढली. तोस्तान हा वोलोफ शब्द. अंड्याचं कवच फोडून पिल्लू बाहेर येतं, त्याला तोस्तान म्हणतात. संस्थेचं काम म्हणजे खेड्यातल्या मोठ्या माणसांसाठी, मुख्यतः बायकांसाठी, त्यांच्याच भाषेत चालणारे वर्ग. अक्षरओळख, हिशेब, हात धुणं, लसीकरण, मुलांचा जुलाब, गावातले प्रश्न कसे सोडवायचे. आपल्याकडचे साक्षरतेचे रात्रवर्ग आठवावेत असं. फरक एवढाच, की इथे गाणी, गोष्टी आणि नाटुकल्या फार, आणि नव्वदच्या दशकाच्या मध्यावर त्यात माणसाचे हक्क आणि बायकांचं आरोग्य असे धडेही आले.

कापण्याचा विषय या धड्यांत होता, पण एका कोपऱ्यात. मालिकुंडाच्या वर्गात तो निघाला तेव्हा सगळ्या गप्प. 'परंपरा' चारचौघांत बोलायची नसतेच. मग नाटुकलं आलं. मुलगी कापली जाते, रक्त थांबत नाही, मुलगी जाते. नाटकाच्या आडून बायका बोलायला लागल्या. कुणाच्या घरी काय झालं, कुणाची मुलगी कशी आजारी पडली, बाळंतपणात कुणाचं काय झालं. वर्षानुवर्षं या सगळ्याला नशीब, भूतबाधा, नजर असली नावं होती. मग त्यांनी धर्माच्या जाणकाराला विचारलं, दवाखान्यातल्या बाईला विचारलं, नवऱ्यांशी बोलल्या, गावच्या मुखियाशी बोलल्या. अधिकार, आरोग्य, स्वतःचं मत सांगण्याचा हक्क हे वर्गात शिकलेले शब्द आता त्यांना उपयोगी पडले. कुणी त्यांना 'हे बंद करा' असं सांगितलं नव्हतं. ठरवलं त्यांनी.

आणि जुलैच्या त्या दिवशी पत्रकार आले, सभा झाली, नाटुकलं झालं, शपथ झाली.

गोष्ट इथे संपली असती तर ती वर्तमानपत्रातली एक गोड बातमी राहिली असती. पण दुसऱ्या दिवसापासून या बायकांवर आग पाखडली गेली. गुप्त राखायची गोष्ट बाहेरच्यांपुढे, तीही पुरुष पत्रकारांपुढे बोलली! आजूबाजूच्या बाम्बारा गावांत संताप झाला. परक्यांकडून पैसे खाल्ले असतील, गोऱ्या बाईच्या नादी लागल्या असतील, असले आरोप जगात कुठेही बायकांवर होतात तसे इथेही झाले. विचार करा, याच गावांत त्यांची माहेरं. याच गावांत मुली द्यायच्या.

जवळच केर सिंबारा हे गाव. तिथले इमाम देंबा दियावारा, वयस्कर गृहस्थ, पंचक्रोशीत शब्दाला मान. मालिकुंडाचं ऐकून ते अस्वस्थ झाले आणि मेल्चिंगबाईंना भेटले. त्यांनी जे सांगितलं, ते मला या सगळ्या इतिहासात सर्वांत मोलाचं वाटतं. त्यांचं म्हणणं असं, की एकट्या गावानं ही चाल सोडून चालणार नाही. आमचं कुटुंब एका गावात राहत नाही. मुली तिकडे दिल्यात, सुना तिकडून आणल्यात. ज्या ज्या गावांशी आमचं लग्न जमतं, ती सगळी मिळून आमचं कुटुंब. त्या सगळ्यांनी मिळून ठरवायला हवं. नाहीतर एका गावच्या मुली बिनलग्नाच्या राहतील आणि दोन वर्षांत सुरी परत येईल.

रोटी-बेटी व्यवहार म्हणतो ना आपण, तो हा. आपल्याला हे समजावून सांगावं लागू नये. चतुर्थांची मुलगी पंचमांत द्यायची की नाही, यावर आमच्या आजोबांच्या पिढीनं किती बैठका केल्या असतील! एकाच घरानं धीर केला तर त्या घराला वाळीत टाकतात. दहा घरांनी एका दिवशी केला, तर वाळीत टाकायला कुणी उरतच नाही.

देंबा दियावारांनी आधी आपल्या घरच्या बायकांना विचारलं. आयुष्यभर ज्या विषयावर पुरुषानं बायकांशी शब्द काढायचा नसतो, त्या विषयावर. त्यांनी जे सांगितलं ते त्यांना आजवर माहीतच नव्हतं. मग एखाददुसरा सोबती घेऊन ते गावोगाव निघाले, पायी. गाडीतून, भोंगा लावून नाही. नातेवाईक जसा नातेवाइकाकडे जातो तसे गेले, ख्यालीखुशाली विचारत, जेवत, बसत. मेल्चिंगबाईंच्या माणसांनाही त्यांनी दोन गोष्टी बजावल्या: शिव्यांसारखे शब्द वापरू नका आणि भयंकर चित्रं दाखवू नका. ज्या आया हे करतात त्या मुलींवर जीव टाकणाऱ्या आहेत. त्यांना राक्षसिणी म्हणालात तर दार बंद होईल. इंग्रजीत या चालीला अंगच्छेद, विद्रूप करणं अशा अर्थाचा शब्द सर्रास वापरतात. तोस्ताननं तो टाळला, साधं 'कापणं' म्हटलं. यावरून त्यांच्यावर टीकाही झाली, की तुम्ही अत्याचाराला सौम्य नाव देता. मला विचाराल तर कायद्याच्या पुस्तकात कडक शब्द असावा, पण ओसरीवर बसून बोलताना देंबांचाच शब्द चालतो.

१९९७च्या २० नोव्हेंबरला राष्ट्राध्यक्ष अब्दू दियूफ यांनी जाहीर भाषणात मालिकुंडाचं नाव घेऊन देशाला त्या वाटेनं जायला सांगितलं. शिव्या खाल्लेल्या बायकांना तो केवढा आधार झाला असेल! आणि १९९८च्या फेब्रुवारीच्या मध्यावर दियाबुगू गावात तेरा गावांचे प्रतिनिधी जमले. या तेरा गावांत मिळून आठ हजारांच्या आसपास वस्ती. सगळ्यांच्या वतीनं एकच जाहीरनामा झाला. त्यांच्यासोबत पूर्वी स्वतः सुरी धरणाऱ्या बायकाही होत्या. ऊरेय साल ही त्यांतली एक. घराण्यात चालत आलेलं हे काम तिनं सोडलं आणि पुढे तीच गावोगाव बोलत फिरली. त्याच वर्षी जूनमध्ये दक्षिणेकडच्या कोल्दा भागात फुलानींच्या अठरा गावांनी तसंच केलं.

आता गंमत पाहा. गेरी मॅकी नावाच्या एका अभ्यासकानं १९९६ साली, म्हणजे मालिकुंडाच्या वर्षभर आधी, अमेरिकेतल्या समाजशास्त्राच्या एका मोठ्या नियतकालिकात लेख लिहिला होता. त्याला आफ्रिकेतल्या चालीचं उत्तर सापडलं होतं चीनमध्ये, बायकांचे पाय बांधण्याच्या रूढीत.

ती रूढी तुम्हाला ठाऊक असेलच. पाचसहा वर्षांच्या मुलीची पावलं पट्ट्यांनी करकचून बांधायची, बोटं तळव्याखाली दुमडायची, हाडं मोडेपर्यंत. जवळजवळ हजार वर्षं चाललेली. बादशहांनी फर्मानं काढून पाहिली, काही झालं नाही. मोठ्या पायाच्या मुलीशी लग्न कोण करणार, इथेच गाडी अडायची. मग १८७०च्या दशकात शियामेन शहरात मिशनरी मॅकगोवन यांच्या पुढाकारानं चिनी ख्रिस्ती बायकांची एक छोटी मंडळी जमली, आणि १८९५ साली शांघायमध्ये श्रीमती लिटल यांनी 'नैसर्गिक पाय' मंडळ काढलं. चिनी सुधारकांनीही आपापल्या संस्था काढल्या. या मंडळांचा सगळा हिशेब एका शपथेत होता. मी माझ्या मुलीचे पाय बांधणार नाही, एवढंच म्हणून भागत नव्हतं. माझ्या मुलासाठी बांधलेल्या पायाची सून आणणार नाही, हेही सोबत म्हणायचं. शपथेचा दुसरा भाग ऐकलात? मुलीच्या आईची सगळी भीती त्यात निघून जाते, कारण समोर मुलाची आईही उभी असते.

तिंगश्येन या जिल्ह्यातल्या नोंदी मॅकीनं दिल्यात. १८८९ साली तिथे ९९ टक्के मुलींचे पाय बांधलेले, १८९९ला ९४ टक्के, आणि १९१९ला शून्य. हजार वर्षांची रूढी एका पिढीत गेली. आणि मॅकीनं आपल्या लेखात जे ग्रंथांवरून मांडलं, तेच केर सिंबाराच्या म्हाताऱ्या इमामानं आपल्या नात्यागोत्याच्या ज्ञानातून सांगितलं. दोघांची तेव्हा ओळखही नव्हती. मालिकुंडाची बातमी कळल्यावर मॅकीनंच मग तोस्तानशी संपर्क साधला.

पण हुरळून जाऊ नका. पुढचा हिशेब इतका सरळ नाही.

१९९९च्या जानेवारीत सेनेगलनं कायदा केला, सहा महिने ते पाच वर्षं कैद. त्यानंतर शेकडो, मग हजारो गावांनी जाहीरनामे केले. आठ देशांत मिळून आठ हजारांहून जास्त वस्त्यांनी असं जाहीर केलं, असं तोस्तान सांगते. तरीही सेनेगलच्या सरकारी पाहणीत कापलेल्या बायकांचं प्रमाण २००५ साली सुमारे २८ टक्के होतं आणि २०१९ साली सुमारे २५. एवढीच घट? आकडा वाचून माझाही चेहरा उतरला होता. पण हे प्रमाण १५ ते ४९ वर्षांच्या बायकांचं आहे. म्हणजे ज्यांना १९७०-८०च्या दशकात कापलं, त्याही यात आल्या. त्यांचं काय बदलणार आता? लहान मुलींमध्ये प्रमाण बरंच खाली आहे. तरी काही ठिकाणी गावानं जाहीरनामा केला आणि काही घरांनी गुपचूप चालू ठेवलं, हेही अभ्यासकांनी नोंदवलंय. ते साहजिकच आहे. आपल्या अधिवेशनांतही हुंडा न घेण्याचे ठराव टाळ्यांच्या कडकडाटात पास होतात आणि पुढच्या मोसमात सभापतींच्याच घरच्या लग्नात काय काय होतं ते आपण सगळ्या जाणतो. दियाबुगूच्या ठरावाचं बळ टाळ्यांत नव्हतं. ठराव करणारेच एकमेकांचे व्याही होते, म्हणून तो टिकला.

कायद्याचं काय होतं ते शेजारच्या गांबियात दिसलं. गांबिया हा सेनेगलच्या पोटातच शिरलेला चिमुकला देश. तिथे चारपैकी जवळपास तीन बायका कापलेल्या. २०१५ साली हुकूमशहा याह्या जामेह यांनी एका फटक्यात बंदी आणली. हुकूमशहा गेला, कायदा राहिला, पण वापरात फारसा नव्हता. २०२३ साली पहिल्यांदा तीन बायकांना शिक्षा झाली, दंड झाला, तर एका बड्या इमामानं जाऊन तो दंड भरला! लगेच कायदाच रद्द करण्याचं विधेयक आलं आणि २०२४च्या मार्चमध्ये संसदेत ते मोठ्या बहुमतानं पुढच्या टप्प्याला गेलंसुद्धा. तेव्हा गांबियाच्या बायका रस्त्यावर आल्या, खासदारांकडे गेल्या, आपल्या अंगावर काय झालं ते बोलल्या. जुलैमध्ये संसदेनं ते विधेयक फेटाळलं. केनियातल्या १९२९ आणि गांबियातल्या २०२४ची तुलना करून पाहा. बंदी तीच. पण या वेळी तिच्या बाजूनं उभ्या राहिल्या त्या कापल्या गेलेल्याच बायका. वरून आलेल्या कायद्याला खालून हात लागले, म्हणून तो वाचला.

एवढं सगळं आफ्रिकेचं वाचताना मनातल्या मनात मी इंदूरच्याच गल्ल्यांतून फिरत होते. सियागंजातल्या बोहरी दुकानदारांकडे आमच्या घरचा चाळीस वर्षांचा व्यवहार. रंगीत रिदा घातलेल्या त्यांच्या बायका देखण्या, शिकलेल्या, व्यवहारात चोख. दाऊदी बोहरा समाजात सातेक वर्षांच्या मुलींचा खतना होतो, तो 'ख़फ़्ज़' म्हणूनही ओळखला जातो, हे मला पंचविशी उलटेपर्यंत ठाऊक नव्हतं. ओळखीच्या एका बोहरी बाईंना एकदा मी विचारलं. त्यांनी चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाल्या, "भाभी, और सब पूछ लो, ये मत पूछो." मी पुन्हा विचारलं नाही. मालिकुंडाच्या वर्गातली ती पहिली शांतता कशी असेल, हे मला त्यामुळे कळतं.

त्या समाजातल्याच बायकांनी मात्र विचारलं. रेहाना घडियाली यांनी १९९१ साली 'मानुषी' मासिकात यावर लिहिलं, तेव्हा हा शब्दही छापील कागदावर दिसत नव्हता. २०१२ साली प्रिया गोस्वामी यांचा 'अ पिंच ऑफ स्किन' हा माहितीपट आला. २०१५ साली मुंबईत 'सहियो' संस्था उभी राहिली. सहियो म्हणजे मैत्रिणी. आरेफा जोहरी, इन्सिया दारीवाला, मारिया ताहेर अशा काही जणींनी ती काढली, त्यात प्रिया गोस्वामीही होत्या. त्याच सुमारास मासूमा रानालवी यांनी बोहरी बायकांना एकत्र करून स्वतःच्या नावानिशी जाहीर अर्ज केला. नावानिशी, हे महत्त्वाचं. त्यांनाही मालिकुंडाच्या बायकांसारखंच ऐकून घ्यावं लागलं.

२०१७ साली सर्वोच्च न्यायालयात जनहित याचिका दाखल झाली. त्या वर्षी डिसेंबरात महिला आणि बालविकास मंत्रालयानं कळवलं, की भारतात असं काही होतं याची अधिकृत आकडेवारीच नाही. आकडेवारी गोळा केलीच नाही, तर असणार कुठून? पुढे महान्यायवाद्यांनी न्यायालयात बंदीच्या बाजूनं भूमिका घेतली. २०१८च्या सप्टेंबरात प्रकरण घटनापीठाकडे गेलं, आणि नंतर शबरीमलाच्या निमित्तानं निघालेल्या धर्मस्वातंत्र्याच्या मोठ्या प्रश्नाला जोडलं जाऊन तिथे वर्षानुवर्षं थांबलं. दुसऱ्या बाजूनंही बोहरी बायकाच उभ्या आहेत. त्यांचीही संघटना आहे, त्यांत डॉक्टर आहेत, वकील आहेत. आमचा विधी निरुपद्रवी आहे, आफ्रिकेतल्या प्रकाराशी तो जोडू नका, हा आमचा धर्म आहे, असं त्या म्हणतात. त्यांचं मत मला पटत नाही. सात वर्षांच्या पोरीला कुणी विचारलेलं नसतं, इथेच माझं मन अडतं. पण त्या मतामागे आपला समाज बदनाम होईल ही जी भीती आहे, ती खोटी म्हणता येणार नाही. आजकाल दुसऱ्या धर्मातल्या बायकांचा कळवळा ज्यांना अचानक येतो, त्यांतल्या कितीजणांना बायकांशी देणंघेणं असतं ते दिसतंच आहे. तसल्यांच्या हाती हा विषय गेला तर १९२९चं केनिया आपल्याकडे व्हायला वेळ लागणार नाही.

परदेशात चित्र थोडं वेगळं आहे. ऑस्ट्रेलियात २०१५ साली बोहरा समाजातल्या एका प्रकरणात आरोपी दोषी ठरल्यावर तिकडच्या आणि इतर देशांतल्या काही जमातींनी आपल्या लोकांना पत्रकं पाठवली, की देशाचा कायदा पाळा, हे करू नका. म्हणजे धर्मगुरूंच्या समाजालाही हे सोडता येतं, सोडायचं ठरलं तर.

सहियोनं २०१५-१६ साली दाऊदी बोहरा बायकांची एक पाहणी केली होती, इंटरनेटवरून, ३८५ बायकांची. ज्या उत्तरं द्यायला पुढे आल्या त्यांचीच ती, म्हणून तिला जनगणना समजू नये. त्यांतल्या ८० टक्के बायकांचा खतना झालेला होता. आणि हे पुढे चालू राहू नये असं म्हणणाऱ्या होत्या ८१ टक्के.

मला राहून राहून या दोन आकड्यांचं वाटतं. इतक्या जणींना नको आहे, आणि प्रत्येकीला वाटतं की नको असणारी आपण एकटीच. सासूला काय वाटेल, नणंदेला काय वाटेल, मुलीचं लग्न जमायच्या वेळी कुणी विचारलं तर काय सांगायचं. सासूही कदाचित त्या ८१ टक्क्यांतलीच असेल. तिलाही कुणी विचारलेलं नसतं. सहियोच्या मुलींनी पुढे आपल्या समाजातल्या बायकांच्या गोष्टी त्यांच्याच आवाजात गोळा करायला घेतल्या, गुजरातीत, हिंदीत, इंग्रजीत. कुणी नाव सांगून बोलते, कुणी नाव लपवून. एकीनं बोलल्यावर तिची मामेबहीण बोलते, मग मावशी.